कारण : आईची तब्येत

हमरापूर, ता. पेण
६ फेब्रुवारी

चि. प्रणित,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी हे वाच.

मी आजारी आहे, हे मला आज ठमाबाईकडून कळलं.

कान्हूशेठच्या कारखान्यात माझ्या खिडकीपाशी बसले होते. बोटीनं परदेशी जाणारे गणपती या महिन्यात पेट्यांत भरतात. डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय पेटी बंद होत नाय, म्हणजे सगळ्यांची घाई माझ्या डोक्यावर. एका मूर्तीचा एक डोळा झाला होता. तेवढ्यात ठमाबाई दारातूनच ओरडत आली, "गो सीते, तू हतं काय करतेस? तुला झोपून रव्हायला नको?" मी म्हटलं, मेले, मला काय धाड भरलीय? तर तिनं मोबाईल माझ्या नाकाशी धरला. बातमी होती. आईच्या गंभीर आजारपणामुळे वेगवान गोलंदाज प्रणित कसोटी मालिकेतून बाहेर. खाली तुझा फोटो, हसरा. मला वाटलं दुसऱ्या कुणाची आई असेल. मग आठवलं, तुला एकच आई आहे.

सगळा कारखाना ब्रश खाली ठेवून माझ्याकडं बघत होता. कान्हूशेठसुद्धा. मी काय करायला हवं होतं, सांग. खरं बोलले असते तर तिथल्या तिथं तू खोटा पडला असतास. मी हात पोटावर ठेवला आणि म्हटलं, "कुणाला सांगितलं नव्हतं." तोंडातून निघून गेलं. ठमाबाई तर रडायलाच लागली.

तरी राहिलेला डोळा लिहून मगच उठले. आमचा नियम तुला ठाऊक आहे, एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातानं, एकाच बैठकीत. दोन हातांचे डोळे एकमेकांशी भांडतात, असं कान्हूशेठचा बाप म्हणायचा. सगळे म्हणत होते, राहू दे सीताबाई, ऊठ. मी म्हटलं, गणपतीला काणा ठेवून कशी उठू? आणि घरी येऊन झोपले. ठमाबाईनं अंगावर गोधडी टाकली. भर दुपारी.

तू फोनवर जे बोललास ते सगळं मी ऐकलं. आधी तुझा तो आदेश बोलला. मॅनेजर असला तरी माझ्या पोराशी बोलायला मला त्याला विचारावं लागतं, हे काय माझ्या गळी उतरत नाय. म्हणे, "काकू, टेन्शन नका घेऊ, फक्त थोडे दिवस बाहेर दिसू नका." मी काय पळून आलेली आहे का रे?

मग तू फोनवर आलास. पाठीच्या मणक्याला सूज आहे म्हणालास. पाच दिवसांच्या मॅचमध्ये ती गेली तर पुढच्या महिन्यातली लीग गेली, लीग गेली की पुढच्या लिलावात कोण विचारणार म्हणालास. "आई, पाठ गेली की देश बघायला येत नाय." हेही म्हणालास. आणि टीमच्या मालकांना दुखणं कळलं तर भाव पडतो, म्हणून पाठीचं नाव काढायचं नाय.

प्रणू, मी तुला लीगवरून बोलले नाय. नीट आठव. मिठागरात उन्हातान्हात तुझ्या बाबांच्या पायांच्या भेगांत मीठ जायचं, ते मी बघितलंय. पैशाला नावं ठेवायची मला हौस नाय. लिलाव मी आजपर्यंत मासळीचाच बघितला होता, आता माझ्या पोराचा होतो, तेही गिळलं. मी एवढंच विचारलं की पाठ तुझी, लीग तुझी, मग आजारी मी का? 'मला यायचं नाय' एवढं म्हणायला जीभ जड का झाली? त्यावर तू फोन ठेवलास.

म्हणून हा कागद. कागद मध्येच ठेवता येत नाय. ठेवलास तरी तो तिथंच पडून राहतो. पापडाच्या डब्यात घालून पाठवतेय, म्हणजे आदेशच्या हाती लागणार नाय. पापडाच्या डब्याला तू लहानपणापासून कुणाला हात लावू देत नायस.

तुझी निवड झाली तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरले होते की मला एकच बघायचंय, प्रणू जनगणमनला उभा राहिलेला. टीव्हीवर ते लागलं की तुझे बाबा जेवत्या ताटावरून उठायचे. भाताचा हात तसाच. तू हसायचास त्यांना. ते गेले, म्हटलं त्यांच्या वाटचं मी बघेन.

तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तू हे सकाळी बोललास की संध्याकाळी, तेवढं कळव.

आशीर्वाद.
आई

•

हमरापूर
१६ फेब्रुवारी

प्रणू,

तू आजार कोणता ते ठरवलं नायस, म्हणून मला ठरवावा लागला. ठमाबाईला पोटाचं सांगितलं. कान्हूशेठ आला, तो पुरुषमाणूस, त्याला पोटाचं काय सांगायचं, म्हणून छातीचं सांगितलं. दोघं देवळात भेटले. आता गावभर झालंय की सीताबाईचं वरपासून खालपर्यंत सगळंच गेलंय.

हसलास का? मी पण हसले होते. पहिले दोन दिवस.

माणसं येतात रे. शहाळी येतात, मोसंबी येतात. ज्यांच्या घरात दिवसाची चूल कशीबशी पेटते, तेही काही ना काही हातात घेऊन येतात. ती फळं माझ्या घशाखाली उतरत नाय. सकाळ-संध्याकाळ पेज आणि लोणचं. शेजारी बोंबलाचं कालवण शिजतं आणि मी इथं मेल्यासारखी पडून वास घेते. काल राहवलं नाय, दार लावून सुकट भाजून खाल्ली. तेवढ्यात ठमाबाई आली. म्हणाली, "वास कसला गो?" मी म्हटलं मांजरानं आणली. माझ्या वयाला हे शोभतं का?

पण तुला लिहायचं ते दुसरंच. ठमाबाईनं गावदेवीला नवस बोललाय. सीता बरी होऊन परत डोळे लिहायला बसेपर्यंत पायात चप्पल घालणार नाय. मला काल कळलं. तिचं वय काय, आमच्याकडं ऊन काय, खाडीवरचा तो बांध कसा तापतो, तुला सांगायला नको, तू त्याच बांधावर धावत बॉलिंग शिकलास. मी तिला म्हटलं, ठमाबाई, असले नवस कशाला बोलायचे? तर म्हणाली, "तुझा पोर देशाचं काम टाकून तुझ्यासाठी थांबला, मी चप्पल टाकली त काय झालं?"

मी भिंतीकडं तोंड केलं. तिला वाटलं कळ आली.

प्रणू, फोन करून कुणाला तरी सांग ना की आईला बरं वाटतंय. एवढंच सांग. मी दुसऱ्या दिवशी उठून कामाला जाते, ठमाबाई चप्पल घालते, तुझं खोटंही झाकलेलं राहतं. मी आदेशला हे सांगितलं, तर म्हणतो, "एवढ्यात नको काकू, मालिका संपू दे." म्हणजे आता माझं बरं होणंसुद्धा तोच ठरवणार.

मॅच बघितली. सगळे म्हणाले, बघू नको, जिवाला लागेल. मी लावायला लावली. तुझ्या जागी जो घेतला, त्याला मैदानात देशाची टोपी दिली. तो पोर रडला. त्याची आई बाउंडरीच्या कडेला उभी होती, माझ्याच वयाची असेल, साधी साडी, खांद्यावर पदर. तिला कुणीतरी पुढं नेलं. तिनं त्या टोपीला हात लावला नि हात तसाच ठेवला. मग जनगणमन झालं. मी अंथरुणातून उठून उभी राहिले. घरात बसलेल्या बायकांनी मला धरलं, म्हणाल्या, पडशील सीताबाई. मी कशाला पडू? धडधाकट बाई मी. पण बोलायची चोरी.

त्या पोराला मी वाईट म्हणत नाय. त्याच्या आईलाही नाय. तिच्या जागी मी नव्हते, एवढंच मला दिवसभर खुपत राहिलं.

एक गंमत सांगते. परवा चहा पिताना माझी बशी खडखड वाजली. ठमाबाई म्हणाली, बघ किती अशक्तपणा आलाय. मी मुद्दाम केलं नव्हतं. झोपून झोपून अंग आंबलं असेल. पण बघ, तुझी आई नाटक किती बेमालूम करते.

कान्हूशेठच्या बोटीच्या पेट्या अडकल्यात. पेणहून दुसरा माणूस आणला होता आखणीला. त्याचे डोळे सगळे घाबरल्यासारखे येतात म्हणे.

डब्यात मिरगुंडं आहेत. तळून खा, भाजून नको.

आई

•

हमरापूर
२ मार्च

प्रणित,

कळलं गावाला.

कान्हूशेठच्या निकेशनं मोबाईलवर बघितलं. तुझ्या लीगवाल्यांनीच टाकला होता, कॅम्पचा व्हिडिओ. नवा कोरा टीशर्ट, मागं डोंगर, थंड हवेची जागा असावी. तू धावत येतोस, दांडी उडते, सगळे टाळ्या वाजवतात, तू हसतोस. पाठीला काही झालेलं दिसत नाय. बरं वाटलं ते बघून, खोटं कशाला बोलू? पण त्यावर दिवस पण लिहिलेला होता. त्याच दिवशी गावातल्या बायकांनी माझ्यासाठी गावदेवीची ओटी भरली होती.

निकेश मला दाखवायला आला नाय. त्यानं बापाला दाखवलं, बापानं आणखी कुणाला. मला कधी कळलं? येणारी माणसं यायची थांबली तेव्हा. आधी वाटलं, कंटाळले असतील. मग पाण्याला नळावर गेले, म्हटलं आता मालिका संपली, आता मला बरं व्हायला हरकत नाय. नळावरच्या बायका बाजूला सरल्या. कुणी शिवी दिली नाय, कुणी टोमणा मारला नाय. माझी कळशी आधी भरू दिली, आजारी बाईची भरतात तशी. ते जास्त लागलं.

कमानीवरचा तुझा बॅनर कुणीतरी उतरवला. फाडला नाय, नीट घडी करून आपल्या ओट्यावर आणून ठेवला. मी तो आत घेतला. पलंगाखाली आहे.

मग ठमाबाई आली. पायात चप्पल होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी म्हटलं, आत ये. आली नाय. मला वाटलं आता ओरडेल, मला हवंच होतं ओरडायला. ती एवढंच म्हणाली, "पाय भाजले गो माझे." आणि गेली.

तिच्या जागी मी असते तर झिंज्या उपटल्या असत्या.

पेपरवाले आले होते. एकानं विचारलं, आजी, तुम्हाला नक्की काय झालं होतं? मी आजी नाय अजून, हे त्याला सांगितलं. बाकीचं काही सांगितलं नाय. मी म्हटलं, आमच्या घरचं आम्ही बघू. दार लावून घेतलं. म्हणजे अजूनही मी तुझ्याच बाजूनं खोटं बोलतेय, लक्षात ठेव.

तू मेसेज केलास तुझ्या ताईला, नमूला, की "आईला सांग सॉरी, सगळं शांत होईल." सॉरी नमूला का? माझा नंबर बदललेला नाय. आणि फळांची टोपली पाठवलीस, रंगीत कागदात गुंडाळलेली. 'लवकर बऱ्या व्हा' असं छापलंय वर. दुकानवाल्यानं लावलं असेल, तुझं लक्ष नसेल. माझं गेलं.

आई

•

हमरापूर
२४ मार्च

प्रणू,

अक्षराकडं बघू नको. पेन खराब आहे, आणि घाईत लिहितेय.

कामाला लागले परत. कान्हूशेठ म्हणाला, "बऱ्या झाल्या का सीताबाई? लवकर बऱ्या झाल्या." बाकीचे खाली मान घालून हसले. मी ऐकून घेतलं. माझ्याकडं सध्या आखणी नाय. पॉलिश पेपरनं घासायचं काम दिलंय. तो रागावलाय ना माझ्यावर, म्हणून. होईल शांत.

तुझी लीग सुरू झाली. पहिल्याच मॅचला तीन विकेट घेतल्यास. पूर्वी तू रणजीत एक घेतलीस तरी गावात फटाके वाजायचे. या वेळी सगळ्या घरांत टीव्ही चालू होते, मला आवाज येत होता, पण कुणी बाहेर आलं नाय. विकेट पडली की घराघरांतून एक 'आऽ' यायचा आणि लगेच दाबला जायचा. त्यांनाही तुझं कौतुक आहे रे. लाज वाटते त्यांना ते दाखवायची. मला पण वाटते. तरी शेवटचा बॉल बघूनच उठले.

परवा नमूकडं रोह्याला जाऊन आले. सहजच. गाडीत गर्दी नव्हती. निडीला गाडी थांबली, क्रॉसिंग होतं. तुला आठवतं? तुला रोह्याच्या ग्राउंडवर घेऊन जायचे तेव्हा निडीला गाडी थांबली की तू प्लॅटफॉर्मवर उडी मारायचास आणि रिकाम्या हातानं बॉलिंग टाकत सुटायचास. बॉल नसायचा. गार्ड शिट्टी मारायचा, मी ओरडायचे, मेल्या चढ वर, आणि तू म्हणायचास, "एक ओव्हर राहिलीय." एकदा गार्डनंच विचारलं, कुणासाठी खेळतोस रे? तू म्हणालास, इंडिया. त्यानं हिरवा झेंडा तुझी ओव्हर संपल्यावर दाखवला. मला अजून वाटतं की त्यानं मुद्दाम उशीर केला.

तेव्हा तुला कुणी पैसे देत नव्हतं आणि पाठीचं भानही नव्हतं. मोठं झाल्यावर दोन्ही येणारच. मला कळतं.

त्या ग्राउंडवरचे सर तुझ्या मनगटाकडं बघत राहायचे. म्हणायचे, हे कुठून आणलं? मी माझा हात पुढं करायचे नि म्हणायचे, हे बघा, इथून. एका दमात भुवई लिहिणारा हात, तिथून आलंय.

पाठ सांभाळ. तेल पाठवतेय डब्यात, गरम करून लाव.

आई

•

रोहा
१३ एप्रिल

प्रणू,

हे अक्षर नमूचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय. मध्ये मध्ये रडते, मग मी थांबते. मला सवय नाय अशी सांगून लिहायची, पण इलाज नाय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेन चांगलं होतं. रोह्याला सहज गेले नव्हते, डॉक्टरकडं गेले होते. आणि आखणी माझ्याकडून कान्हूशेठनं काढून घेतली नाय. बिचाऱ्यानं पहिल्याच दिवशी मला माझ्या खिडकीत बसवलं होतं, टोमणा मारला तरी बसवलं. बोटीचे शेवटचे गणपती होते. एका मूर्तीचा डावा डोळा लिहिला, छान आला. उजव्याला ब्रश नेला आणि हात थरथरायला लागला. मी थांबले, श्वास घेतला, परत नेला. परत तेच. मनगट दुसऱ्या हातानं धरून बघितलं. सगळे बघत होते. कान्हूशेठ म्हणाला, "आता हात पण आजारी पडला का, सीताबाई?"

मी ब्रश खाली ठेवला. त्या दिवशी गणपतीला काणा ठेवून उठले रे. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर म्हणाले, कंपवात. आत्ता सुरुवात आहे, गोळ्या आहेत, माणूस वर्षानुवर्षं चालतं-फिरतं राहतं. पण बारीक काम आता होणार नाय. मी विचारलं, झोपून राहिल्यानं होतं का? नाय म्हणाले. मी विचारलं, कुणी तसं बोलल्यानं होतं का? ते हसले. म्हणाले, हे वर्षभर तरी आत असणार, तुम्हाला कळलं नसेल. म्हणून तुला आधीच सांगते, पत्र इथंच ठेवून दोन घोट पाणी पी: हे तुझ्या बोलण्यानं झालेलं नाय. वास्तू-बिस्तू, तथास्तु, ते मी रागात लिहिलं होतं. ते मनातून काढून टाक. मी आईच्या जिभेनं सांगतेय, ते खरं मान.

हे तुला कळवायचंच नाय असं मी ठरवलं होतं. नमूला शपथ घातली होती. तिनं मोडली आणि परवा तुला फोन लावला. या वेळी आदेश नाय, तूच उचललास. मी तिच्या शेजारी बसले होते, शेंगा सोलत. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. तिनं सांगितलं, आईचा हात थरथरतो, तिला आजार झालाय, मोठा आहे. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास,

"ताई, अजून चालूच आहे का आईचं? सांग तिला, आता गरज नाय त्याची. संपलं ते प्रकरण."

नमू तुझ्यावर ओरडणार होती. मी फोन बंद केला. तुझा राग आला म्हणून नाय. मला आधी हसू आलं. म्हटलं, किती चांगलं नाटक केलं आपण, लेखकालाच खरं दुखणं पटेना. मग शेंगा सगळ्या खाली सांडल्या, त्या गोळा करत बसले, त्याही हातात धरवेनात. तेव्हा रडले. नमूच्या सासूसमोर रडले, काय वाटलं असेल तिला.

गाव तरी कुठं मानतंय? मी नळावर गेले आणि कळशी हातातून निसटली, तर एक जण दुसरीला म्हणाली, परत कुठली तरी मॅच असेल. त्यांचं चुकलं नाय. एकदा लांडगा आला म्हणून ओरडलं की झालं, आणि मी तर ओरडले पण नाय, नुसती पडून राहिले.

एकीनं मानलं. या खेपेला रोह्याला यायला निघाले त्या सकाळी ठमाबाई आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पाण्याचा तांब्या द्यायला माझा हात पुढं झाला, पाणी सगळं हिंदकळलं. ती तांब्याकडं बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडं. मी म्हटलं, "ठमाबाई, या वेळी खरं हाय गो." ती म्हणाली, "दिसतंय ना मला. मी काय आंधळी हाय?" तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, ओच्यानं पुसला. आणि जाताना चप्पल माझ्या उंबऱ्यापाशी काढून ठेवली. मी ओरडले, नको, या वयात नको, एकदा फसवलं मी तुला. ती वळली पण नाय. तापल्या वाटेनं अनवाणी गेली. ती चप्पल अजून माझ्या उंबऱ्यापाशीच असेल. निघताना बघवली नाय आणि उचलवली पण नाय.

जिला फसवलं तिनं मानलं, प्रणू. ज्याच्यासाठी फसवलं त्यानं नाय.

तू देशाकडून खेळला नायस म्हणून मला वाईट वाटलं, ते राहील. बाबांचं ताटावरून उठणं मला आठवत राहील. पण त्यासाठी माझं तोंड तुला कधी वाकडं दिसलं नसतं. पाठ तुझी, ती तूच ओळखतोस. लीग खेळ, नाव कमव. पण टीव्हीवर माझं नाव आलं ते प्रणितची आई म्हणून नाय आलं, प्रणितचं कारण म्हणून आलं. आणि ते कारण आता खर्च झालं. उद्या मी खरंच अंथरुणाला खिळले, देशाचं बोलावणं आलं आणि तुला आईसाठी थांबावंसं वाटलं, तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? म्हणून त्या वेळी थांबू नको. खेळायला जा. मी ठमाबाईला सांगून ठेवीन, ती टीव्ही लावील.

कान्हूशेठनं तो काणा गणपती फोडला नाय. नियमानं माती करायला हवी होती. माझ्या खिडकीतल्या फळीवर ठेवलाय. मला म्हणाला, "राहू दे सीताबाई, तुमचा हात बसला की लिहा." म्हणजे त्यालाही थोडं पटायला लागलंय. हात बसणार नाय, हे मी त्याला सांगितलं नाय.

तू ये. लीग संपल्यावर ये, मध्येच सोडून येऊ नको, नायतर परत माझंच नाव येईल. गाडीनं इथं रोह्याला ये, निडीवरून. आलास की काही बोलू नको, सॉरी तर अजिबात नको. फक्त माझा हात धरून बस. तू लहान असताना तापात मी तुझा धरायचे तसा. तुला कळेल. नाटक असतं तर तू धरल्यावर थांबलं असतं.

नमू म्हणते, खाली आईचं नाव मीच लिहिते. मी म्हटलं, दे इकडं पेन. दोन अक्षरं आहेत, चारदा प्रयत्न केला, कागद खराब झाला. ही पाचवी सही आहे. कशीही आली तरी पाठव म्हटलं. एवढी वाकडी मला मुद्दाम काढता आली नसती, बघ.

आशीर्वाद पहिल्या पत्रातलेच आहेत, अजून.

आ   ई